वकिलीचें दार व बहुजन समाज

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आमच्या लोकांस पाठ आहे. पण ती पायरी चुकली कोणास? शेताचा बांध, कुळाचा हक्क, सावकाराचा कागद अशा नाना कारणांनीं आमचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या पक्षकार झाला, आणि त्याच्या फीवर दुसऱ्यांच्या माड्या चढल्या. ही स्थिति पालटावयाची तर आमच्या मुलामुलींनीं कायद्याच्या शाळेंत शिरलें पाहिजे. त्या शाळेच्या दारावर आज 'क्लॅट' नांवाची परीक्षा उभी आहे.

2008 सालीं सुरू झालेली ही परीक्षा बारावीनंतर राष्ट्रीय विधि विद्यापीठांतील पांच वर्षांच्या शिक्षणासाठीं द्यावी लागते. महाराष्ट्रांत अशीं विद्यापीठें मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें आहेत. दोन तासांत 120 प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, सामान्य तर्क व साधें गणित असे पांच भाग. चुकलेल्या उत्तरास पाव गुण कापतात. कायदा पाठ असावा लागत नाहीं. उतारा वाचून त्यांतील नियम उमगला कीं नाहीं, एवढेंच पाहतात. पण उतारा इंग्रजींत असतो, आणि येथेंच मेख आहे. मराठी शाळेंत शिकलेल्या मुलाची बुद्धि तपासण्यापूर्वीं त्याची भाषाच तपासली जाते. आमच्या राज्याची विधि-प्रवेश परीक्षा मराठींतूनही देतां येते. मग राज्यास जें साधलें तें या विद्यापीठांस कां साधूं नये? वरच्या कोर्टांचें काम इंग्रजींत चालतें, असें उत्तर येईल. खरें आहे, परंतु आंत आलेल्या मुलास पांच वर्षांत इंग्रजी शिकवितां येईल. दारांतूनच परत पाठविलेल्यास काय शिकविणार?

तथापि ही मागणी मान्य होईतों हातावर हात ठेवून बसणें आम्हांस परवडणारें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 सालीं लंडनच्या ग्रेज इनमध्यें दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें 1917 सालीं त्यांस परतावें लागलें. मुंबईस प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा जमविला, शाहू छत्रपतींचें साह्य व एका पारशी मित्राचें कर्ज घेतलें, 1920 सालीं ते पुन्हां गेले आणि 1922 सालीं बॅरिस्टर झाले. बुद्धि व कष्ट त्यांचेच. पण वाट मोकळी होण्यास इतरांचाही हात लागला. तो हात आज कोण देणार?

शहरांतील खाजगी शिकवण्या गरिबाच्या आवांक्याबाहेरच्या आहेत. म्हणून आमच्या शिक्षणसंस्थांनीं व वसतिगृहांनीं अकरावीपासूनच हें काम अंगावर घ्यावें. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचें एक पान वाचून त्याचा सारांश मराठींत लिहवावा. आठवड्यास एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवावी. तालुक्याच्या वकीलमंडळींनीं रविवारचे दोन तास या मुलांस द्यावे. यांस मोठा फंड लागत नाहीं, इच्छा लागते.

आणि पालकहो, मांडवावर, वाजंत्रीवर व जेवणावळींवर उडणाऱ्या पैशांतला थोडा भाग या अर्जाकडे वळवा. मुलगी बारावीस गेली कीं स्थळें पाहण्यास निघूं नका. आधीं तिचा अर्ज भरा.