थेंबे थेंबे

मराठी शिकवणाऱ्या माणसाने धुळीला भिऊन चालत नाही. आमचे निम्मे वाङ्मय तिच्याखालीच सापडते. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मी माळ्यावरची पुस्तकांची ट्रंक उघडली आणि तासाभरात डोळ्यांना अशी खाज सुटली की विचारू नका. चोळावे तो ती वाढावी!

आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच पार पडले होते. तिच्या प्रेडनिसोलोनच्या थेंबांची बाटली अर्धी उरली होती. दुधासारखे पांढरे, हलवून घालायचे औषध. म्हटले, डोळ्याचेच औषध आहे, काही कानात घालायचे नाही! दोन दिवसांत आराम पडला. पुढे खाज आली की थेंब, आणि बाटली संपली की रिकामी दाखवून दुकानातून दुसरी, असे चार महिने चालले.

फाल्गुनात चाळिशी लावून घ्यायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांचा दाब मोजला. तो साधारणतः पाऱ्याच्या 21 मिलिमीटरच्या आत असावा. माझा 30 भरला. "कुठले थेंब घालता?" त्यांनी विचारले. मी ऐटीत नाव सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले.

स्टेरॉइडचे थेंब सूज उतरवतात, खाजही थांबवतात. ते खोटे नाही. पण काही जणांच्या डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हेत) बाहेर पडण्याची वाट त्यांनी चोंदते, दाब चढतो, आणि तो तसाच राहिला तर काचबिंदू होऊन दृष्टीची नस झिजते. तिचे गेलेले परत येत नाही. आणि यात बहुधा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. झाला असता तर मी आधीच गेलो नसतो का?

घरी आईला सांगितले. ती म्हणाली, "अरे, माझे थेंब आधी दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला कमी, आणि मधून मधून डॉक्टरांची बॅटरी डोळ्यांत. तुझ्याकडे कोण बघत होतं?"

एम. ए.ला हा प्रश्न नव्हता.

ते थेंब बंद झाले. त्यांच्याऐवजी ओलोपॅटाडिनचे आले, दिवसातून दोनदा. खास अ‍ॅलर्जीच्या खाजेवरचे, स्टेरॉइड नसलेले. शिवाय गार पाण्याच्या पट्ट्या, आणि चोळायला सक्त मनाई, कारण चोळल्याने खाज आणणारे हिस्टामिन आणखी सुटते. थेंब घालायचे मात्र मी आईकडून शिकलो: खालची पापणी ओढून एकच थेंब (दुसरा गालावरच ओघळतो), मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबायचा, नाहीतर औषध घशात उतरून तोंड कडू होते. दुसरे औषध घालायचे असेल तर पाच मिनिटांनी.

महिन्याने दाब 17 वर उतरला. नस शाबूत निघाली. आई आता प्रत्येक बाटलीवर ती फोडल्याची तारीख लिहिते आणि महिना भरला की उरलेले औषध माझ्यादेखत मोरीत ओतते.

ट्रंक यंदा न आवरताच माळ्यावर आहे.