मनाचा दवाखाना कसा चालावा? मला उपयोगी पडलेली चार पुस्तके

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचविशीतला एक तरुण झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आला. बोलता बोलता लक्षात आले की त्याला डिप्रेशन, म्हणजे नैराश्य आहे. मी औषध सुरू केले आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितले. तो आला, पण माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. दवाखाना भरलेला होता आणि माझ्या सहायकाने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले, "ते डिप्रेशनच्या गोळ्यांचं ना तुमचं?" तो उठला आणि निघून गेला. हे मला कळले ते तीन महिन्यांनी, त्याची आई आली तेव्हा. तोवर औषध सुटले होते आणि नोकरीही गेली होती.

चूक सहायकाची नव्हती. असे विचारायचे नसते, हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. तो तरुण पुन्हा आला नाही, याची नोंदही कुठे नव्हती. निदान बरोबर होते, औषध बरोबर होते, माझा दवाखाना चुकला होता.

एमबीबीएस झाले, एमडी झाले, पण दवाखाना कसा चालवावा हे मला कोणी शिकवले नाही. मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तरीही चिंता, नैराश्य, व्यसन असलेले अनेक रुग्ण आधी आमच्यासारख्यांकडेच येतात. म्हणून मी पुस्तकांकडे वळलो. त्यांतली चार इथे सांगतो. ही फक्त डॉक्टरांसाठी नाहीत. चांगला दवाखाना कसा असतो हे रुग्णालाही माहीत असायला हवे.

१) व्हेअर देअर इज नो सायकिअ‍ॅट्रिस्ट

डॉ. विक्रम पटेल यांचे हे पुस्तक २००३ साली आले. जिथे मानसोपचारतज्ज्ञ नाही, तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ते सोप्या इंग्रजीत लिहिले आहे. मनाच्या उपचारातली बरीच कामे प्रशिक्षण दिलेली साधी माणसेही करू शकतात, हे मला यातून उमगले.

पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २४ प्राथमिक उपचार केंद्रांमध्ये एक अभ्यास केला. तो २०१० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. आरोग्य क्षेत्राचा अनुभव नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले होते. सरकारी केंद्रांत त्यामुळे बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, पण खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. माझ्या मते यातला धडा असा की नुसता माणूस नेमून भागत नाही. आपल्या दवाखान्यात नेमके काय कमी आहे, ते आधी पाहावे लागते.

२) एमएचगॅप मार्गदर्शिका

जागतिक आरोग्य संघटनेची ही पुस्तिका मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी आहे. तिची दुसरी आवृत्ती २०१६ ची असून ती मोफत मिळते. प्रत्येक आजारासाठी तीन भाग आहेत: तपासणी, उपचार आणि पाठपुरावा.

पाठपुराव्याला इतके महत्त्व का? नैराश्याच्या औषधाचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, बेचैनी यांसारखे त्रास मात्र आधी जाणवू शकतात. याच काळात रुग्ण औषध सोडतो. बरे वाटू लागल्यावरही साधारण ९ ते १२ महिने औषध चालू ठेवावे लागते. म्हणून "बरं वाटलं नाही तर या" असे सांगून चालत नाही. तारीख द्यावी लागते आणि रुग्ण आला नाही तर फोन करावा लागतो.

३) द चेकलिस्ट मॅनिफेस्टो

सर्जन अतुल गवांदे यांचे हे २००९ चे पुस्तक मनाच्या आजारांवर नाही. हुशार माणसेही साध्या गोष्टी विसरतात, आणि एक छोटी यादी त्यांना वाचवते, एवढेच त्यात पटवून दिले आहे. ते वाचून मी अशा रुग्णांच्या फाइलला आतून चार ओळींची यादी चिकटवली:

- झोप आणि जेवण कसे आहे?
- जीव नकोसा वाटतो का, हे विचारले का?
- घरात गोळ्या कोणाकडे आहेत?
- पुढची तारीख कोणती, आणि फोन कोणाला करायचा?

दुसरा प्रश्न विचारायला अनेकांना भीती वाटते. पण विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते.

४) मुक्तांगणची गोष्ट

अनिल अवचट यांचे हे पुस्तक मराठी वाचकांना नवीन नाही. डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राची ही कहाणी. व्यवस्थापनाचे पुस्तक म्हणून ते कोणी वाचत नाही, मी मात्र तसेच वाचले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे कार्यकर्ते होतात. रुग्णाकडे बोट न दाखवता त्याला कामात सामील करून घेणे, हे धोरण कुठल्याही संस्थेने शिकावे असे आहे.

मग धंद्याची पुस्तके?

रुग्णसंख्या कशी वाढवावी, जाहिरात कशी करावी, अशी पुस्तकेही बाजारात पुष्कळ आहेत. हिशेब नीट ठेवायला त्यांचा उपयोग होतो, नाही असे नाही. पगार वेळेवर झाले नाहीत तर चांगला समुपदेशक टिकत नाही. पण त्यांची मोजपट्टी 'किती आले' ही असते. मनाच्या दवाखान्यात 'किती जण परत आले नाहीत आणि का' हे मोजायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही काय पाहाल?

- तुमचा आजार इतरांसमोर मोठ्याने बोलला जातो का?
- पुढची तारीख आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, हे लिहून दिले जाते का?
- औषध किती काळ घ्यायचे, हे समजावले जाते का?
- दाखल करून घेणारे केंद्र असेल तर त्याची नोंदणी आहे का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आजाराबाबत गुप्तता हा तुमचा हक्क आहे. दाखल करून घेणाऱ्या केंद्रांना नोंदणीही बंधनकारक आहे. तेव्हा हे प्रश्न संकोच न करता विचारा. आणि घरात कोणी तातडीच्या मानसिक त्रासात असेल, तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

माझ्या दवाखान्यात आता मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. नाव पुकारले जाते, आजार नाही. न आलेल्यांची एक वही आहे आणि दर शनिवारी आम्ही त्यातले फोन करतो. तो तरुण त्यानंतर आईबरोबर आला, बरा झाला. पण त्याचे ते तीन महिने मी परत देऊ शकलो नाही. त्या वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव त्याचेच आहे.