कॅप्टन व्योमचा चेहरा नेमका कोणाचा?

मागच्या महिन्यात मूर्तिजापूरला घरी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर चुलतभावाला मोबाइलवर मिलिंद सोमणचा पळतानाचा एक व्हिडिओ दाखवला. दादाने तो दोनदा बघितला आणि विचारलं, "हा खराच हाय का बे, का एआय हाय?"

व्हिडिओ खरा होता. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण दादा या माणसाला लहानपणापासून ओळखतो. १९९८ मध्ये दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागायचं तेव्हा तो शाळेत होता आणि मी पाळण्यात. आमच्या शकुंतला गाडीचं वाफेचं इंजिन निवृत्त होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, आणि इकडे टीव्हीवर एक भारतीय हिरो यानात बसून बारा फरार गुन्हेगारांचा अंतराळात पाठलाग करत होता!

त्या यानापर्यंत सोमण पोचला तो आडवळणाने. जन्म १९६५ चा, ग्लासगोचा. लहान असतानाच कुटुंब मुंबईत आलं. पोहण्यात तो राष्ट्रीय विजेता झाला, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला (म्हणजे आपल्यातलाच म्हणायचा), मग मॉडेलिंगमध्ये गेला. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया' गाण्यामुळे घराघरांत पोचला आणि तीन वर्षांनी केतन मेहतांच्या मालिकेत व्योम झाला.

अमेरिकेत 'स्टार ट्रेक' १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली, पण कॅप्टन कर्क झालेल्या विल्यम शॅटनरचं अख्खं आयुष्य त्यावर उभं राहिलं. पुढे सिनेमे आले आणि २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो रॉकेटमधून खरोखर अंतराळाला शिवून आला. आपल्याकडे व्योमचं यान उतरलं ते उतरलंच.

अभिनेता कमी पडला म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. खर्चाचं गणितच जमणारं नव्हतं. आपल्या टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम लागायच्या. समजा, तेव्हाच्या कॉम्प्युटरला यानाची एक फ्रेम रेंडर करायला दहा मिनिटं लागली, तर दहा सेकंदांच्या उड्डाणासाठी २५० फ्रेम, म्हणजे जवळपास ४२ तास. चूक झाली तर पुन्हा ४२ तास. त्यापेक्षा दिवाणखान्याचा एक सेट लावून रोजची कौटुंबिक मालिका काढणं कोणत्याही निर्मात्याला परवडणारच. सोमण मग इतर कामांकडे वळला. मराठीत 'गंध' (२००९), नंतर 'बाजीराव मस्तानी' (२०१५). त्याच २०१५ मध्ये झुरिचला त्याने आयर्नमॅन पूर्ण केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन.

अलीकडे मी व्योमचे काही भाग फोनवर बघितले. यान आज जुन्या व्हिडिओ गेमसारखं दिसतं, स्फोट तर विचारूच नका. पण सोमण फ्रेममध्ये आला की नजर हटत नाही. ग्राफिक्स म्हातारं झालं, माणूस टिकला.

आता गाडी उलटी फिरलीय. यानाचा शॉट एआय टूल काही मिनिटांत देतं आणि चेहरासुद्धा. एखाद्या माणसाचा चेहरा शिकवायला मोठं मॉडेल नव्याने बनवावं लागत नाही. मूळ मॉडेल तसंच ठेवून त्या माणसाच्या मोजक्या फोटोंवर एक छोटी जोडफाइल तयार करतात. तिला लोरा म्हणतात. तीस-पस्तीस वर्षं कॅमेऱ्यासमोर असलेला माणूस म्हणजे तर आयता डेटासेट.

१९९५ मध्येच मधु सप्रेसोबतच्या बुटांच्या जाहिरातीतल्या नग्न फोटोवरून सोमणवर खटला झाला आणि निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. चौदा वर्षं कोर्टात वाद होता तो फोटो अश्लील आहे का, यावर. फोटो त्याचाच आहे का, हे कोणी विचारलं नाही. आज पहिला प्रश्न दादाचाच येईल.

कायदा इथे अर्धाच पोचलाय. कॉपीराइट कायद्यात कलाकाराने केलेल्या सादरीकरणाला हक्क आहेत. पण जे सादरीकरण त्याने कधी केलंच नाही, फक्त चेहरा त्याचा लावलाय, त्याचं काय? उद्या कोणी १९९८ च्या चेहऱ्याचा नवा व्योम बनवला तर मालिकेचे हक्क विकत घेणं पुरेल, की सोमणचीही परवानगी लागेल? माझ्या मते लागायलाच हवी, पण तसं थेट सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे कलाकार एकेकटे कोर्टात जातात. अनिल कपूरला २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने संरक्षण दिलं, त्यात 'झकास' हा शब्दसुद्धा आला. आशा भोसलेंना २०२५ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई हायकोर्टात जावं लागलं.

आयटी नियम मात्र २० फेब्रुवारी २०२६ पासून कडक झालेत. एआयने बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या व्हिडिओवर तसं ठळक लेबल हवं. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर हटवायला ३६ तास होते, ते ३ झाले.

हे सगळं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "माह्या फोटोचं कोणी असं केलं तं मी कोनत्या हायकोर्टात जाऊ?"

हायकोर्टाआधी एक रस्ता आहे. तुमचा चेहरा लावून तोतयेगिरी झाली असेल तर त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तुम्ही स्वतः तक्रार करू शकता. अशा तक्रारीवर कारवाईची मुदत २४ तासांवरून २ तासांवर आणलीय. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करा. त्याआधी लिंक कॉपी करून ठेवा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, कारण पोस्ट उडाली की पुरावाही उडतो. दादाला मी तो स्क्रीनशॉट काढायला शिकवला. पहिला त्याने व्योमचाच काढला.