स्तुती कोणाच्या नावाची?

जॉइस हॅटो या इंग्रज पियानोवादिकेचे प्रकरण आता जुने झाले. तरीही वर्तमानपत्री संगीतसमीक्षेवर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी ते एकदा नीट पाहावे असे मला वाटते.

या बाईंनी १९७०च्या दशकात जाहीर मैफली थांबविल्या. पुढे त्यांच्या पतीच्या कंपनीने त्यांच्या नावाने शंभरावर सीडी काढल्या. मोझार्ट, लिस्ट, रॅखमनिनॉफ, काही म्हणून सुटले नाही. कर्करोगाशी झगडणारी वृद्ध स्त्री एकेक अवघड रचना सर करते आहे, या कथेने समीक्षक भारावून गेले. २००५ साली बोस्टनच्या एका दैनिकाने तर त्यांना हयात वादकांत अगदी वरचे स्थान दिले. २००६ मध्ये त्या वारल्या. पुढे एका श्रोत्याने त्यांची लिस्टची सीडी संगणकात घातली, तो पडद्यावर नाव उमटले लास्लो सिमोन या दुसऱ्याच वादकाचे! फेब्रुवारी २००७ मध्ये 'ग्रामोफोन' मासिकाने सारा प्रकार उघडकीस आणला. मुद्रणे इतरांची होती. काहींची गती तेवढी यंत्राने बदलली होती. पतीनेही मग ते कबूल केले.

समीक्षकांची तेव्हा भरपूर टवाळी झाली. मला ती अर्धीच पटते. वादन मुळात उत्तमच होते; त्याला उत्तम म्हणणाऱ्याचा कान बिघडला होता असे कसे म्हणावे? बोचते ते निराळेच. रॅखमनिनॉफच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोचे येफिम ब्रॉन्फमन यांचे मुद्रण पूर्वी एका समीक्षकाला बेताचेच वाटले होते. तेच हॅटोबाईंच्या नावाने आले, तेव्हा त्याच समीक्षकाने ते डोक्यावर घेतले. सूर तेच, बोटे तीच. बदलले होते ते वेष्टनावरचे नाव.

ज्यांच्या घरी दोन पिढ्या गाणेबजावणे आहे त्यांना याचे फारसे काही वाटणार नाही; ते आपल्या कानाने ठरवतील. आमच्या घरात पियानो कोणी पाहिलेलादेखील नाही. माझ्यासारखीला परीक्षण हेच धरायला बोट. म्हणून 'हृदयस्पर्शी', 'अलौकिक' असली विशेषणे मला नकोत. (आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांच्या वृत्तांतांतही ती ढिगाने सापडतात!) डावा हात कोठे दबला, गती कोठे नि का ओढली, हे सांगावे, म्हणजे तेवढी जागा पुन्हा ऐकून मलाही पडताळून पाहता येईल.

आणि ती जुनी परीक्षणे रद्दीत टाकू नयेत. हॅटोबाईंचे नाव खोडून तेथे सिमोन, ब्रॉन्फमन अशी ज्यांची त्यांची नावे लिहावीत.