अंग थकलं की मन?

मैत्रिणींनो, माझी धाकटी जाऊ धुळ्याला असते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या विकारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब करते. पाय जड होतात, मुंग्या येतात, नजर अंधुक होते आणि थकवा तर पाचवीला पुजलेला! त्यात आपलं खानदेशी ऊन. अंग तापलं की त्रास तेवढ्यापुरता वाढतोच.

म्हणून उन्हाळ्यात ती गप्पगप्प झाली, तेव्हा आम्ही उन्हाला बोल लावला. पावसाळ्यात म्हटलं, आजारच तसा. मग चंपाषष्ठीला मी जळगावहून तिच्याकडे गेले. भरिताचा बेत होता. एरवी खुर्चीत बसून "ताई, मिरच्या अजून भाजा हं" असं बजावणारी ती, "करा काहीही" म्हणाली आणि भिंतीकडे वळली. माझ्या काळजात चर्र झालं.

डॉक्टरांनी आधी दोनच प्रश्न विचारले. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, निराश असतं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला आहे का? थकवा, बिघडलेली झोप, लक्ष न लागणं हे या आजारातही असतं आणि नैराश्यातही. तेवढ्यावरून ठरवायला गेलं की फसगत होते. मी आपली साधी खूण लक्षात ठेवली आहे. नुसत्या थकलेल्या माणसाला करावंसं वाटतं, पण अंग साथ देत नाही. नैराश्यात करावंसंच वाटत नाही. अर्थात पक्कं निदान डॉक्टरांनीच करायचं. चालू औषधं, थायरॉइड हेही ते पाहतात.

तुम्ही म्हणाल, एवढं दुखणं म्हटल्यावर उदास वाटणारच! इथेच आपण चुकतो. या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं. त्याला परिस्थितीइतकेच मेंदूतले बदलही कारण असू शकतात. पण त्यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि त्यांचा गुणही येतो.

तेव्हा घरात असं कुणी असेल तर "तब्येत कशी आहे?" एवढ्यावर थांबू नका, "मन कशात लागतं का?" हेही विचारा. "जगून काय करायचं" असे शब्द आले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. २०२२ साली सुरू झालेली सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते.

जाऊबाईंना उतार पडायला काही आठवडे लागले. पाय अजून जडच आहेत. पण संक्रांतीनंतर तिचा फोन आला, "ताई, तुमच्या भरितात त्या दिवशी मीठ जास्त झालं होतं बरं का!"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!