विश्लेषण : ‘हे आमच्याकडे येत नाही’… सरकारी कार्यालयांतील टोलवाटोलवीला कायद्यात उत्तर काय?

‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘फाइल वर पाठवली आहे’, ‘त्या विभागाचा अभिप्राय आला नाही’, ‘हे टेबल माझ्याकडे नाही’… सरकारी कार्यालयात काम घेऊन गेलेल्या जवळपास प्रत्येकाला यातले एखादे वाक्य ऐकावे लागले आहे. यात ‘नाही’ कोणी म्हणत नाही, पण कामही होत नाही. असे प्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. तरीही टोलवाटोलवी का थांबत नाही आणि कुठे थांबू शकते, याचा आढावा…

टोलवाटोलवी नेमकी होते कशी?

अर्ज आधी आवक शाखेत नोंदवला जातो. तेथून तो संबंधित टेबलावर जातो, लिपिक टिपणी लिहितो आणि फाइल एकेक पायरी वर चढते. प्रत्येक पायरीवर अधिकाऱ्यापुढे दोन पर्याय असतात. एक म्हणजे निर्णय घेणे, दुसरा म्हणजे शेरा मारून फाइल पुढे किंवा मागे पाठवणे. ‘चर्चा करावी’, ‘अभिप्रायार्थ सादर’, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ हे शेरे सर्वांच्या परिचयाचे आहेत. यातल्या शेवटच्या शेऱ्यात नियम कोणता आणि कार्यवाही कोणी करायची, हे लिहिलेले नसते. फाइल हलल्याची नोंद होते, त्यामुळे कागदोपत्री कोणीच रिकामे बसलेले दिसत नाही. त्रुटी काढण्याचाही असाच उपयोग होतो. सगळ्या त्रुटी एकदम न सांगता एकेक करून काढल्या, की दरवेळी अर्ज मागे येतो आणि वेळेचे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

यामागे केवळ आळस असतो का?

काही ठिकाणी असतोही, पण मुख्य कारण जोखमीच्या हिशेबात आहे. निर्णय घेतला आणि तो चुकला तर लेखापरीक्षणाचा आक्षेप, तक्रार, चौकशी, प्रसंगी गुन्हा अशी साखळी मागे लागू शकते. फाइल दुसऱ्याकडे पाठवली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. केंद्र सरकारनेही ही भीती एका अर्थाने मान्य केली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. अधिकाऱ्याच्या निर्णयामुळे दुसऱ्याला आर्थिक लाभ झाला, एवढ्यावरून त्याला गुन्ह्यात ओढू शकणारे जुने कलम तेव्हा वगळण्यात आले. अधिकृत निर्णयांबाबत चौकशी सुरू करण्याआधी पूर्वपरवानगीची अटही घालण्यात आली. प्रामाणिक अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यायला कचरू नये, हा त्यामागचा युक्तिवाद होता.

दुसरे कारण मानसिक आहे. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये अमेरिकेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. इंटरकॉमवरून बोलणाऱ्या एकाला अचानक झटका आल्याचे भासवण्यात आले. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के मदतीसाठी धावले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. जबाबदारी जितक्यांत वाटली जाते तितकी ती प्रत्येकाला हलकी वाटते. पाच सह्यांच्या फाइलवर आणि दहा जणांना ‘सीसी’ केलेल्या ईमेलवरही हेच घडते. त्यात रिक्त पदे आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ यांची भर पडली, की ‘मी नुकताच चार्ज घेतला आहे’ हेही उत्तर तयार असते.

याची किंमत कोण मोजतो?

बहुतेक वेळा ती हेलपाट्यांत, बुडालेल्या रोजंदारीत मोजली जाते. कधी जिवानेही मोजावी लागते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि सात जणांचा मृत्यू झाला. ढिगारा उचलला जात असतानाच पूल महापालिकेचा की रेल्वेचा, यावर वाद सुरू झाला होता. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना हा फलक १२० बाय १२० फुटांचा होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगीही त्यांचीच आणि आमची परवानगी घेतलीच नव्हती, असे महापालिकेने सांगितले. फलक तर रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

‘दफ्तर दिरंगाई’ कायदा काय सांगतो?

या नावाने ओळखला जाणारा राज्याचा २००५ चा अधिनियम बदल्यांचे नियमन आणि विलंबास प्रतिबंध अशा दोन विषयांचा आहे. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात म्हटले आहे. तातडीची फाइल चार दिवसांत आणि ‘तात्काळ’ फाइल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निकाली काढणे अपेक्षित आहे. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत, तर गरज असल्यास तीन महिन्यांत निर्णय झाला पाहिजे. फाइल सादर करण्याच्या पातळ्या सर्वसाधारणपणे तीनपेक्षा जास्त नसाव्यात, अशीही तरतूद आहे. जाणूनबुजून केलेला विलंब हा कर्तव्यातील कसूर ठरतो. त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते आणि गोपनीय अहवालात नोंदही घेता येते. न्यायप्रविष्ट प्रकरणे, अर्धन्यायिक कामे, मंत्रिमंडळ पातळीवरचे धोरणात्मक निर्णय अशा काही बाबी मात्र यातून वगळल्या आहेत.

मग फाइल तरीही का फिरत राहते?

कारण सात दिवसांची मर्यादा एका टेबलापुरती आहे. सातव्या दिवशी शेरा मारून फाइल पुढे ढकलली, तर त्या कर्मचाऱ्यापुरते कायद्याचे पालन झाले. एकूण विलंब तीन महिन्यांपलीकडे गेला तरी तो नेमका कोणामुळे, हे ठरवावे लागते. विलंब ‘हेतुपुरस्सर’ होता हे दिसले पाहिजे आणि तसे ठरवणारे वरिष्ठ त्याच कार्यालयातले असतात. ज्याच्या टेबलावरूनही ती फाइल गेली आहे, त्यालाच हाताखालच्याला दोषी धरायचे असते. त्यामुळे ही तरतूद खुलासा मागवण्यापलीकडे सहसा जात नाही, असा अनुभव आहे.

जबाबदारी कुठे टाळता येत नाही?

जिथे कायद्याने एका कामापुढे एक अधिकारी आणि एक तारीख ठेवली आहे, तिथे. २००५ च्याच माहिती अधिकार कायद्यात ‘ही माहिती आमच्याकडे नाही’ असे म्हणून अर्ज परत करता येत नाही. तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे स्वतःच पाठवून अर्जदाराला तसे कळवावे लागते. माहिती अधिकाऱ्याने ज्या सहकाऱ्याची मदत मागितली, तोही कारवाईपुरता माहिती अधिकारी मानला जातो. विनाकारण विलंबासाठी दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड त्या व्यक्तीला होतो, कार्यालयाला नव्हे.

राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याची रचनाही अशीच आहे. अधिसूचित सेवेसाठी मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते. त्यानंतर कार्यालयातच दोन अपिले आणि मग राज्य सेवा हक्क आयोग, अशी वाट आहे. कसूर करणाऱ्याला ५०० ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांच्या प्रकरणात हेच सूत्र पुढे नेले. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती जबाबदार अधिकारी, कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी, असे आदेश दिले.

नागरिकांनी काय करावे?

अर्ज तोंडी किंवा ‘ठेवून जा’ म्हटले म्हणून देऊ नये. आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्यावी. सेवा अधिसूचित आहे का हे ‘आपले सरकार’ पोर्टलवर पाहून त्याच कायद्याखाली अर्ज करावा. मुदत उलटल्यास ३० दिवसांत पहिले अपील करता येते. सेवा अधिसूचित नसेल तर दहा रुपयांच्या माहिती अर्जात तीनच गोष्टी विचाराव्यात : माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता, त्याने काय शेरा मारला आणि अंतिम निर्णयाचा अधिकार कोणाला आहे. फाइलच्या टिपणीची प्रतही मागता येते. या उत्तरात नावे आणि तारखा आल्या, की ‘फाइल वर गेली आहे’ हे उत्तर पुन्हा देणे अवघड होते. हेलपाटे यामुळे लगेच संपतील असे नाही. पण दफ्तर दिरंगाई कायद्याखाली तक्रार करायची झाली, तर हाच कागद हाताशी असावा लागतो.