परसातील कोंबडी आणि भरपाईचा हिशेब

नरडाण्याहून सुरतेकडे जाणारी रेल्वे दोंडाईचा, नंदुरबार मागे टाकून नवापुरास पोहोचते. याच नवापुरात १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिल्या बर्ड फ्लूची अधिकृत घोषणा झाली. तत्पूर्वी काही दिवस तेथील कोंबड्या मरतच होत्या. परंतु त्याचे खापर राणीखेत रोगावर फोडले जात होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले, तेव्हा खरे स्वरूप उघड झाले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील हातेड, मारूळ अशा गावांत हाच रोग आढळला. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरावर पुन्हा तीच आपत्ती ओढवली.

या अनुभवांतून शासनाची जी यंत्रणा उभी राहिली, ती प्रामुख्याने मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांचा विचार करते. शेडला जाळी लावा, दाराशी जंतुनाशक ठेवा, परक्यास आत येऊ देऊ नका, हे सांगणे योग्यच. पण ज्या कोंबडीला शेडच नाही, जी दिवसभर उकिरड्यावर चरते आणि रात्री डाल्याखाली झाकली जाते, तिचे काय? शेतमजूर वा भिल्ल कुटुंबातील स्त्रीच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा बहुधा या पाच-सात कोंबड्यांतूनच येतो. मुलाच्या वह्या, दवाखान्याची फी, अवचित आलेला पाहुणा, हे सारे त्यावर निभावते. त्यासाठी सावकाराकडे जावे लागत नाही, आणि नवऱ्याकडेही नाही.

अशा घरात एके सकाळी दोन कोंबड्या मरून पडल्या, तर त्या बाईने काय करावे? नियम सांगतो, दवाखान्यात कळवावे. पण भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने मेलेल्यांची नव्हे. २०२१ मध्ये आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या कोंबडीचा दर ९० रुपये होता, पिलाचा २०. गावठी कोंबडीला आठवडे बाजारात याच्या कितीतरी पट भाव येतो. शिवाय रोग सिद्ध झाल्यास एक किलोमीटरच्या परिघातील सर्व पक्षी नष्ट केले जातात. म्हणजे खेड्यात जवळजवळ साऱ्या गावाचे! ज्या बाईने वर्दी दिली, तिला शेजारणींचा रोषही पत्करावा लागतो. तेव्हा उरलेल्या पाच कोंबड्या पाटीत घालून बाजाराची वाट धरणे तिला शहाणपणाचे वाटले, तर त्याला अज्ञान कसे म्हणावे? तिचा हिशेब चोख आहे. चूक आहे ती दर ठरवणाऱ्यांची. आणि त्या पाटीबरोबर रोगही बाजारात जातो.

गावठी पक्ष्यांसाठी बाजारभावाशी सुसंगत असा वेगळा दर असावा, तो पक्षी नष्ट केल्या दिवशी त्या स्त्रीच्याच हाती पडावा, आणि प्रथम वर्दी देणाऱ्या घराला मेलेल्या पक्ष्यांचेही काही मूल्य मिळावे. यातून खोटे दावे येतील अशी शंका खजिन्याचे रक्षक घेतील. परंतु निकाल प्रयोगशाळाच देणार असल्याने ही भीती फारशी टिकत नाही. उशिरा आलेली वर्दी किती महाग पडते, हे लाखो पक्षी पुरणाऱ्या शासनाला ठाऊक आहे.

घरच्या घरी करावयाची काळजी थोडी आहे. फेरीवाल्याकडून वा बाजारातून आणलेली पिले दोन आठवडे वेगळी डालावीत. दाणा-पाणी रानपाखरांच्या विष्ठेपासून दूर, आडोशाला ठेवावे. बदके व कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नये, नाल्यात फेकू नये आणि शिजवूही नये.

मात्र राणीखेत, म्हणजेच खेड्यातील मानमोडी, हीच खरी अडचण आहे. दोन्ही रोगांत पक्षी पटापट मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. मानमोडीने दरसाल खुराडी ओस पडत असतील, तर आणखी एका मरीची वर्दी कोण देणार? राणीखेतीची लस सर्व परसांत टोचली गेली, तरच अचानक आलेली मर संशयास्पद ठरेल. ही लस काही महाग नाही. पण तिची कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची असते, आणि एकदा फोडली की काही तासांतच संपवावी लागते. सात कोंबड्यांच्या मालकिणीसाठी ती कोणी फोडत नाही. पशुसंवर्धन खात्याने ग्रामपंचायतीकडून आदल्या दिवशी दवंडी देववून, थंडी पडण्यापूर्वी, अख्ख्या गावाचे लसीकरण एकाच पहाटे उरकावे; डाली उचलली जाऊन कोंबड्या उकिरड्याकडे पांगण्याच्या आत.